मानखुर्दची बालगृहे आणि मुंबई उपनगरातील शासकीय बालसंरक्षण सेवेवरील ताण : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

महाराष्ट्रात बालगृहांचा विषय बहुधा दोनच प्रसंगी सार्वजनिक चर्चेत येतो. एखाद्या संस्थेतून मुले पळून गेल्याची बातमी येते तेव्हा, अथवा एखाद्या संस्थेतील अत्याचाराचे प्रकरण उघडकीस येते तेव्हा. अशा प्रसंगी चौकशी समिती नेमली जाते, अधीक्षकाची बदली वा निलंबन होते, कुंपणाची भिंत आणखी उंच केली जाते आणि विषय मागे पडतो. ही मुले तेथे का आली, किती काळ राहिली आणि त्यांना इतका काळ का राहावे लागले, हे प्रश्न मात्र क्वचितच विचारले जातात.

प्रस्तुत निबंधात मुंबई उपनगर जिल्ह्यातील शासकीय बालसंरक्षण व संगोपन सेवेचा १९२७ पासूनचा प्रवास तपासला आहे. या सेवेचा केंद्रबिंदू मानखुर्द येथील बालगृहांचे आवार हा आहे. अशा सेवेवर ताण आहे असे म्हटले की त्याचा अर्थ सामान्यतः मुलांची गर्दी असा घेतला जातो. गर्दी होती आणि आहेही. परंतु उपलब्ध इतिहास पाहता हा ताण संख्येपेक्षा कालावधीचा अधिक आहे असे दिसते. मूल ताब्यात घेण्याचा शासनाचा अधिकार कायद्यागणिक विस्तारत गेला. ते मूल कोणाचे, कोठले, त्याला घरी परत पाठवणे हिताचे ठरेल काय, याचा शोध घेणाऱ्या यंत्रणेचे बळ मात्र त्या प्रमाणात वाढले नाही. या दोन गतींमधील तफावतीतच मानखुर्दच्या बहुतेक समस्यांचे मूळ आहे.

डोंगरीपासून मानखुर्दपर्यंत

अल्पवयीन गुन्हेगारांना प्रौढ कैद्यांपासून वेगळे ठेवावे हा विचार मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून आढळतो. डेव्हिड ससून यांच्या नावाने ओळखली जाणारी सुधारगृहवजा औद्योगिक शाळा १८५७ ची. तथापि गुन्हा न केलेल्या, केवळ निराधार असलेल्या मुलांची जबाबदारी शासनाची आहे, ही कल्पना कायद्यात येण्यास आणखी सात दशके लागली. १९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीच्या शिफारशींनंतर मद्रास (१९२०), बंगाल (१९२२) आणि मुंबई (१९२४) या प्रांतांनी आपापले बालक अधिनियम केले. मुंबई शहरात या अधिनियमाची अंमलबजावणी १९२७ मध्ये सुरू झाली आणि त्यासाठी चिल्ड्रन्स एड सोसायटी ही संस्था कामाला लागली.

या संस्थेचे स्वरूप प्रारंभापासूनच दुहेरी राहिले. कागदोपत्री ती नोंदणीकृत संस्था आणि सार्वजनिक विश्वस्त न्यास. परंतु तिचे अध्यक्षपद पदसिद्ध अधिकाराने राज्याच्या मुख्यमंत्र्यांकडे आणि तिचा चरितार्थ मुख्यतः शासकीय अनुदानावर. शासनाने मुलाचा ताबा घ्यावा आणि त्याचा सांभाळ धर्मादाय वृत्तीच्या संस्थेने करावा, अशी ही वसाहतकालीन तडजोड होती. शासनाला ती स्वस्त पडली, म्हणूनच ती टिकली, असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही.

संस्थेचे पहिले रिमांड होम उमरखाडीला सुरू झाले. ती जागा मराठी वाचकाला वेगळ्या कारणाने परिचित आहे. कोल्हापूर प्रकरणी १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांना ज्या डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढावे लागले, तोच हा तुरुंग. मूल हे गुन्हेगार नव्हे, असे सांगणाऱ्या नव्या कायद्याने आपल्या पहिल्या मुलांना जुन्या तुरुंगाच्या भिंतींआड ठेवले, ही विसंगती त्या काळात कोणाला फारशी खटकलेली दिसत नाही.

पुढे संस्थेचा विस्तार शहराबाहेर, तुर्भे बेटाच्या बाजूला झाला. मानखुर्दचे मोठे बालगृह आजही 'चेंबूर चिल्ड्रन्स होम' याच नावाने ओळखले जाते, यावरून त्या काळी मानखुर्दला स्वतंत्र ओळखही नव्हती हे ध्यानात येते. त्याच आवारात व परिसरात कालांतराने निरीक्षणगृह, नवे निरीक्षणगृह आणि मतिमंद मुलांचे गृह उभे राहिले. मोकळी जागा, शेतीचे व हस्तकलेचे शिक्षण, शहरातील कुसंगतीपासून दूर अंतर हे त्यामागील उद्दिष्ट होते. परंतु शहराला जे नकोसे असेल ते पूर्वेच्या कडेला नेऊन ठेवण्याची मुंबईची रीतही यात दिसते. देवनारचे कचराक्षेपण क्षेत्र १९२७ पासूनचे, म्हणजे बालक अधिनियमाच्या अंमलबजावणीचे आणि या कचराभूमीचे वर्ष एकच. पुढे चेंबूरला भिक्षेकरीगृह आले, १९७१ मध्ये देवनारला कत्तलखाना आला, १९७६ मध्ये जनता कॉलनी उठवून तेथील रहिवाशांना चीता कॅम्पमध्ये हलवण्यात आले, आणि रेल्वे व रस्ते प्रकल्पांनी विस्थापित झालेली हजारो कुटुंबे २००० नंतर मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडसारख्या वसाहतींत येऊन दाखल झाली. महानगरपालिकेच्या २००९ च्या मानव विकास अहवालात एम-पूर्व विभाग शहरात सर्वांत खाली होता. शहरातील निराधार मुलांसाठी दूर बांधलेल्या बालगृहाच्या भोवतीच अशा रीतीने शहरातील सर्वाधिक वंचित बालकांची वस्ती तयार झाली.

याच परिसरात एक अनुकूल घटनाही घडली. क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकाराने १९३६ मध्ये नागपाडा येथे सुरू झालेली समाजकार्याची पदव्युत्तर शाळा, म्हणजेच पुढील काळातील टाटा समाजविज्ञान संस्था, १९५४ मध्ये देवनारला आली. परिविक्षा अधिकारी हा न्यायालयाचा कारकून नसून प्रशिक्षित समाजकार्यकर्ता असावा, हा आग्रह मुंबईत रुजला तो या संस्थेमुळे. तिचे विद्यार्थी क्षेत्रकार्यासाठी मानखुर्दच्या गृहांत जात राहिले. मात्र शिकाऊ विद्यार्थ्याच्या श्रमावर नियमित सेवा चालू शकत नाही, आणि शासकीय पदे भरण्याची निकड त्यामुळे कमी भासू लागली असेल, तर ते या सहकार्याचे अनपेक्षित फळ म्हणावे लागेल.

१९८६ : मानखुर्द सर्वोच्च न्यायालयात

या इतिहासातील सर्वांत बोलका दस्तऐवज म्हणजे 'शीला बारसे विरुद्ध सचिव, चिल्ड्रन्स एड सोसायटी' या प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर १९८६ चा निर्णय. मुक्त पत्रकार असलेल्या शीला बारसे या महाराष्ट्र राज्य विधी साहाय्य व सल्ला समितीच्या सदस्य होत्या. मुंबईच्या पोलीस कोठड्यांतील स्त्रियांच्या स्थितीवर त्यांनी केलेल्या कामातून १९८३ चा एक महत्त्वाचा निर्णय आला होता. मानखुर्दच्या नव्या निरीक्षणगृहाच्या कारभाराविषयी त्यांनी तक्रार केली. मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयाने समाधान न झाल्याने प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

तक्रारीतील मुद्दे आज वाचतानाही जुने वाटत नाहीत. मुलांना पालकांकडे परत पाठवण्याचे बाल न्यायालयाचे आदेश झाल्यानंतरही ती मुले गृहातच राहतात. मुलाला ताब्यात घेताना आणि न्यायालयापुढे उभे करताना प्रत्येकाच्या परिस्थितीचा विचार केला जात नाही. गृहात दाखल झाल्यानंतर त्याच्या प्रकरणाचा पाठपुरावा होत नाही. मुलांकडून काम करून घेतले जाते, पण त्याचा मोबदला मिळत नाही. यातील पहिल्या तीन मुद्द्यांचा गाभा एकच आहे, तो म्हणजे कालहरण. मारहाण, उपासमार, अस्वच्छता यांहून हा दोष कमी नाट्यमय असल्याने तो लक्षात यायला पत्रकाराची चिकाटी लागली.

न्यायालयाने दोन गोष्टी स्पष्ट केल्या. पहिली घटनात्मक होती. चिल्ड्रन्स एड सोसायटी ही राज्यघटनेच्या अनुच्छेद १२ नुसार 'राज्य' या संज्ञेत मोडते. म्हणून तिचा कारभार केवळ तिच्या नियमावलीनुसार नव्हे, तर मूलभूत हक्कांच्या कसोटीवर चालला पाहिजे. १९२७ च्या तडजोडीतील पडदा यामुळे दूर झाला. ताबा शासनाचा आणि सांभाळ संस्थेचा, ही विभागणी कायद्याच्या दृष्टीने संपली. दुसरी गोष्ट व्यवहाराची होती. निरीक्षणगृहात मुलांना दीर्घ काळ ठेवू नये, आणि ती जोवर तेथे आहेत तोवर त्यांना आत्मविश्वास देणाऱ्या उपक्रमांत गुंतवावे. त्यासाठी मनापासून काम करणारी माणसे शोधून त्यांना योग्य प्रशिक्षण द्यावे, असे न्यायालयाने म्हटले.

यातील पहिला भाग निर्णयाच्या बळावरच अमलात आला, कारण त्यासाठी पैसा लागत नव्हता. दुसऱ्या भागासाठी पदे निर्माण करावी लागत होती. न्यायालयीन निर्णयाच्या इतिहासात ही बाब अनेकदा निसटते, की हक्काची घोषणा एका दिवसात होते आणि त्या हक्कासाठी लागणारे वेतनाचे शीर्ष अर्थसंकल्पात येण्यास दशके लागतात.

कायद्याची वाढती कक्षा

हा निर्णय झाला त्याच महिन्यात संसदेने मंजूर केलेला बाल न्याय अधिनियम, १९८६ राष्ट्रीय पातळीवर लागू होण्याच्या मार्गावर होता. तो २ ऑक्टोबर १९८७ पासून अमलात आला आणि राज्याच्या १९४८ च्या मुंबई बालक अधिनियमाची जागा त्याने घेतली. त्यात मुलग्यासाठी वयोमर्यादा १६ आणि मुलीसाठी १८ वर्षे होती. २००० च्या अधिनियमाने दोघांसाठीही १८ वर्षे ही एकच मर्यादा केली. बालहक्कांच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच होता. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेला भारताने १९९२ मध्ये मान्यता दिली असल्याने तो अपरिहार्यही होता. पण त्याचा अर्थ मानखुर्दच्या अधीक्षकाच्या दृष्टीने असा होता की सोळा आणि सतरा वर्षांचे मुलगे, जे कालपर्यंत प्रौढ होते, ते आता त्याच्या जबाबदारीत आले, तेही त्याच खोल्यांत आणि त्याच काळजीवाहकांच्या देखरेखीखाली.

वयाबरोबर प्रवर्गही वाढले. रस्त्यावरील मूल, बालकामगार, एच.आय.व्ही. बाधित मूल, अत्याचारग्रस्त मूल, हरवलेले मूल, बालविवाहाचा धोका असलेली मुलगी, असे सर्व 'काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक' या एका संज्ञेखाली आले. २०१२ च्या लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियमाने पोलिसांवर अशी प्रकरणे चोवीस तासांत बालकल्याण समितीला कळवण्याचे बंधन घातले. कायद्यातील शब्दही बदलले. 'रिमांड होम' जाऊन 'निरीक्षणगृह' आले, 'बाल गुन्हेगार' जाऊन 'विधिसंघर्षग्रस्त बालक' आले. उपनगरातील पालक मात्र अजूनही 'रिमांड होम' असेच म्हणतात. त्यांचा शब्द अनुभवातून आला आहे आणि तो अधिसूचनेने बदलत नाही.

कायद्याने दोन कालमर्यादा घालून दिल्या. ताब्यात घेतलेले मूल, प्रवासाचा वेळ वगळता, चोवीस तासांच्या आत समितीपुढे हजर करावे, आणि त्याच्याविषयीची चौकशी चार महिन्यांत पूर्ण करून अंतिम आदेश द्यावा. २०१५ च्या अधिनियमाने सामाजिक तपास अहवालासाठी पंधरा दिवसांची मुदतही नमूद केली. चोवीस तासांची मर्यादा सांभाळणे पोलिसांच्या हातात असते आणि ती मोडल्यास जाब विचारला जातो, म्हणून ती बहुधा पाळली जाते. चार महिन्यांची मर्यादा मात्र अनेकांच्या हातात असते. परिविक्षा अधिकाऱ्याने घरी भेट द्यावी, दुसऱ्या जिल्ह्याच्या यंत्रणेने अहवाल पाठवावा, वय ठरवण्यासाठी रुग्णालयाने तपासणी करावी, समितीची गणसंख्या पूर्ण असावी. यांपैकी एक दुवा तुटला की मुलाची तारीख पुढे जाते आणि त्याबद्दल कोणालाही एकट्याला दोषी धरता येत नाही.

जिल्हा एक, अंतरे अनेक

मुंबई उपनगर हा जिल्हा १९९० मध्ये स्वतंत्र झाला. १९९१ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे ६७.५ लाख होती. २०११ मध्ये ती सुमारे ९३.६ लाख झाली. वांद्र्यापासून दहिसरपर्यंत, कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत आणि मानखुर्दपर्यंत पसरलेल्या या जिल्ह्याच्या बालकल्याण समितीचे काम मानखुर्दच्या आवारातून चालत आले. बोरिवलीला सापडलेल्या मुलाला घेऊन निघालेल्या पोलीस शिपायाला पश्चिम रेल्वेने दादर, तेथून मध्य रेल्वेने कुर्ला आणि कुर्ल्याहून हार्बर मार्गाने मानखुर्द असा प्रवास करावा लागतो. मुलुंड किंवा घाटकोपरहून एकदाच गाडी बदलावी लागते, पण अंधेरी ते दहिसर या पट्ट्यातील मुलासाठी समितीची भेट म्हणजे दिवसभराचे काम. शिपायाला तो वेळ कर्तव्य म्हणून मोजला जातो. मुलाच्या आईला मात्र त्या दिवसाचा रोजगार सोडावा लागतो. घरकाम करणारी किंवा नाक्यावर उभी राहणारी आई दोन-तीन तारखांनंतर येईनाशी झाली, तर फाइलवर 'पालक उदासीन' अशी नोंद होणे अशक्य नसते.

प्रशासकीय रचनेतही अंतराचा व लोकसंख्येचा विचार झाला नाही. २००९ मध्ये केंद्र शासनाने एकात्मिक बाल संरक्षण योजना सुरू केली. देशभर प्रथमच बालसंरक्षणासाठी जिल्हा पातळीवर स्वतंत्र कक्ष, ठरलेली पदे आणि निश्चित निधी मिळाला, हे तिचे मोठे श्रेय आहे. परंतु कक्षाचा आकृतिबंध जिल्हा हे एकक धरून आखला गेला. जिल्हा बाल संरक्षण अधिकाऱ्यापासून क्षेत्र कार्यकर्त्यांपर्यंत बारा पदे, हा साचा सर्व जिल्ह्यांना सारखाच. २०११ च्या जनगणनेनुसार सिंधुदुर्गची लोकसंख्या साडेआठ लाखांच्या आसपास; मुंबई उपनगरची त्याच्या अकरापट. दोहोंना सामाजिक कार्यकर्ते दोन आणि क्षेत्र कार्यकर्तेही दोनच. शिवाय ही पदे कंत्राटी मानधनावरची होती. मुलाची फाइल समजून घेतलेला कार्यकर्ता वर्षा-दोन वर्षांत दुसरी नोकरी धरतो आणि त्याच्या जागी येणारा पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करतो. मुलालाही आपली हकिकत नव्या माणसाला नव्याने सांगावी लागते. ही झीज कोणत्याही लेखापरीक्षणात दिसत नाही.

बालकल्याण समितीची रचना एक अध्यक्ष व चार सदस्य अशी असून तिला न्यायदंडाधिकाऱ्यांच्या पीठाचे अधिकार आहेत. २०१५ च्या अधिनियमानुसार तिने महिन्यातून किमान वीस दिवस बैठक घेतली पाहिजे. म्हणजे अपेक्षा जवळजवळ पूर्णवेळ कामाची, आणि मोबदला बैठकभत्त्याचा; २०१६ च्या आदर्श नियमांत तो किमान १५०० रुपये ठरवला गेला. कार्यकाळ तीन वर्षांचा. मुदत संपून नव्या नियुक्त्या लांबल्या की शेजारच्या जिल्ह्याच्या समितीकडे कार्यभार सोपवला जातो. ही रिक्त पदांची समस्या केवळ महाराष्ट्राची नव्हे. संपूर्णा बेहुरा यांच्या याचिकेवर फेब्रुवारी २०१८ मध्ये निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाला सर्व राज्यांना ही पदे वेळेत भरण्यास सांगावे लागले. ज्या आयोगांनी, मंडळांनी व समित्यांनी मुलांच्या प्रकरणांतील दिरंगाईवर लक्ष ठेवायचे, त्यांच्याच नियुक्त्यांतील दिरंगाईसाठी न्यायालयात जावे लागणे, यावर वेगळे भाष्य नको.

परराज्यातील मुले

मुंबई उपनगर जिल्ह्यात दोन मोठी रेल्वे टर्मिनस आहेत, कुर्ल्याचे लोकमान्य टिळक टर्मिनस आणि वांद्रे टर्मिनस. उत्तरेकडून येणाऱ्या अनेक गाड्यांचा शेवटचा थांबा येथेच. घर सोडून निघालेले मूल जेथे गाडी थांबते तेथे उतरते, आणि जेथे उतरते त्या जिल्ह्याची समिती त्याची जबाबदारी घेते. यामुळे उपनगरातील सेवेवरचा बराचसा भार उपनगरातील कुटुंबांतून येतच नाही.

२००५ मध्ये याचा मोठा प्रत्यय आला. गोवंडीतील जरीकामाच्या कारखान्यात एका बालकामगाराचा मृत्यू झाल्यानंतर गोवंडी, धारावी, मदनपुरा आदी भागांत छापे घालण्यात आले आणि प्रामुख्याने बिहारमधून आलेली मुले मोठ्या संख्येने सोडवण्यात आली. छाप्यांची छायाचित्रे वृत्तपत्रांत आली. त्यानंतरचे काम छायाचित्रात मावणारे नव्हते. मुलाने सांगितलेल्या गावाच्या नावाचा उच्चार आणि नकाशावरील नाव यांचा मेळ घालणे, तेथील यंत्रणेकडून पालकांची खातरजमा करून घेणे, प्रवासखर्चाची मंजुरी, रेल्वेचे आरक्षण, सोबतीला पोलीस आणि मुली असल्यास महिला पोलीस, या सगळ्यासाठी लागणारे दिवस मुलांना गृहातच काढावे लागतात. पालकांनीच दलालाकडून उचल घेऊन मूल पाठवले असेल, तर त्याला परत त्याच घरी पोहोचवणे म्हणजे पुढच्या हंगामात पुन्हा पाठवले जाण्याची सोय करणे ठरते. आणि न पोहोचवणे म्हणजे त्याला मानखुर्दलाच ठेवणे. शीला बारसे यांच्या तक्रारीतील पहिला मुद्दा १९ वर्षांनंतर नव्या रूपात पुढे उभा होता.

मतिमंद मुलांच्या गृहाची स्थिती याहून कठीण. बोलता न येणाऱ्या मुलाकडून गावाचे नाव मिळणार नाही. त्याला शोधत कोणी आले नाही तर कायद्याने ठरवलेली चार महिन्यांची मुदत निरर्थक ठरते, आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर जाण्यासाठी पुरेशा संस्थाही नाहीत. परिणामी अशा गृहांत प्रौढ झालेली 'मुले' राहतात. ठाणे जिल्ह्यातील कवडास येथील संस्थेतील मुलांच्या मृत्यूच्या बातमीची दखल घेऊन मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली, तेव्हा राज्यभरातील अशा गृहांची पाहणी प्रथमच पद्धतशीरपणे होऊ लागली.

स्वयंसेवी संस्थांचा वाटा

शासकीय सेवेचा इतिहास लिहिताना तिच्या बाजूने चालत आलेल्या संस्थांना वगळता येत नाही. अंधेरीचे सेंट कॅथरीन्स होम, जेझुइट धर्मगुरूंच्या प्रेरणेने १९६२ मध्ये सुरू झालेले अंधेरीचेच स्नेहसदन, १९८३ पासून कांजूरमार्ग येथे दत्तक व संगोपनाचे काम करणारा वात्सल्य ट्रस्ट, या संस्थांनी समितीने पाठवलेली मुले सांभाळली. यांपैकी स्नेहसदनची पद्धत मुद्दाम नोंदवण्यासारखी आहे. शेकडो मुलांचे एक मोठे गृह उभारण्याऐवजी वस्तीतील साध्या घरांत, घर सांभाळणाऱ्या जोडप्यासोबत मोजकी मुले ठेवण्याचा प्रयोग तिने केला. कुटुंबसदृश संगोपनाची जी भाषा शासकीय धोरणात एकविसाव्या शतकात आली, तिचा प्रत्यक्ष नमुना अंधेरीत चार दशके आधीपासून होता. मानखुर्दच्या अधिकाऱ्यांनी तो पाहिला नसेल असे नाही. पण शयनगृहाचे अनुदान एका शीर्षातून आणि घरभाडे दुसऱ्या शीर्षातून येते, अशा व्यवस्थेत अनुकरणाला फारसा वाव नव्हता.

मुंबईनेच देशाला दिलेली आणखी एक सेवा म्हणजे चाइल्डलाइन. टाटा समाजविज्ञान संस्थेचा क्षेत्रप्रकल्प म्हणून जेरू बिलिमोरिया यांनी १९९६ मध्ये सुरू केलेली १०९८ ही दूरध्वनीसेवा पुढे देशभर पसरली. हिच्यामुळे संकटातील मूल व्यवस्थेपर्यंत पोहोचण्याचा वेळ कमालीचा घटला. पण व्यवस्थेतून बाहेर पडण्याचा वेळ तिच्या हातात नव्हता. प्रवेशाचा दरवाजा रुंद झाला आणि बाहेरचा होता तेवढाच राहिला, म्हणजे आत दाटी होणारच.

२०२० चा अनुभव

करोनाच्या साथीने या सर्व इतिहासावर अकस्मात एक वेगळाच प्रकाश टाकला. एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन, शक्य असेल तेथे मुलांना घरी पाठवण्याचा विचार करावा, असे समित्यांना व मंडळांना सांगितले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने महाराष्ट्रासह आठ राज्यांना, संस्थांतील मुले शंभर दिवसांत कुटुंबांकडे परत देण्याविषयी कळवले. वर्षानुवर्षे ज्या प्रकरणांत 'गृहभेट प्रलंबित' असा शेरा होता, त्यांतील मुलांना पाठवण्याची घाई सुरू झाली.

यावर बालहक्कांच्या कार्यकर्त्यांनी घेतलेला आक्षेप रास्त होता. प्रत्येक मुलाचा स्वतंत्र विचार न करता सरसकट परत पाठवणे हे सरसकट ताब्यात घेण्याइतकेच घातक, आणि १९८६ च्या तक्रारीतील दुसरा मुद्दा नेमका हाच होता. तरीही दुसरी बाजू नाकारता येत नाही. इतकी मुले घरी जाऊ शकत होती, तर ती साथीपूर्वी कशासाठी थांबली होती? गरिबी हे एकच कारण असलेल्या मुलाला गृहात ठेवू नये, हे तत्त्व कायद्यात आधीपासून होते. ते अमलात आणण्यासाठी साथ यावी लागली. ऑगस्ट २०२१ मध्ये मानखुर्दच्या बालगृहातील काही मुलांनाही करोनाची लागण झाल्याचे आढळले, तेव्हा मोठ्या शयनगृहांच्या रचनेतील धोका नव्याने उघड झाला.

साथीत दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी राज्य शासनाने पाच लाख रुपयांची मुदतठेव आणि बालसंगोपन योजनेचा लाभ जाहीर केला. बालसंगोपन ही योजना या काळातच खऱ्या अर्थाने सर्वांना माहीत झाली. मूल संस्थेत न आणता नातेवाइकांकडे वा एकल पालकाकडे वाढावे यासाठी दरमहा रक्कम देणारी ही योजना २००५ पासून सध्याच्या रूपात चालू होती. परंतु तिची मासिक रक्कम दीर्घ काळ ४२५ रुपयांवर रेंगाळली होती. ती पुढे ११०० आणि २०२३ मध्ये २२५० रुपये झाली. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये घरी राहणाऱ्या मुलासाठी दरमहा ४००० आणि संस्थेतील मुलाच्या निर्वाहासाठी ३००० रुपये असे दर ठरले. २००९ मध्ये संस्थेतील मुलासाठी ७५० रुपये धरले गेले होते हे लक्षात घेता वाढ मोठी आहे, आणि घराचा दर संस्थेच्या दराहून अधिक ठेवणे हा १९२७ पासूनचा पहिला धोरणात्मक उलटफेर आहे.

मात्र बालसंगोपनाचा अर्ज मंजूर होण्यासाठीही बालकल्याण समितीचा आदेश लागतो, आणि त्या आदेशासाठी गृहभेटीचा अहवाल. साथीनंतर अर्ज वाढले, तेव्हा ते त्याच समितीपुढे आणि त्याच कार्यकर्त्यांच्या टेबलावर आले, जे गृहातील मुलांच्या चौकशीतही मागे पडले होते. २०२३ मध्ये १०९८ ही सेवा स्वयंसेवी संस्थांकडून शासकीय यंत्रणेकडे घेण्यात आली आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडण्यात आली. तिचा पाठपुरावाही आता जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडेच येतो. मालवणीतील एकल मातेला दरमहा २२५० रुपये मिळायचे असतील, तर मानखुर्दकडून कोणीतरी एकदा तिचे घर पाहण्यास जावे लागते.